हातचा

बारा चित्रांची मागणी आहे, फेब्रुवारीपर्यंत.
योनागोचे निवृत्त दंतवैद्य, हिगाशिदानी.
फोनवर म्हणाले,
किडीनं खाल्लेली भोकंसुद्धा हुबेहूब हवीत.
"आयुष्यभर भोकंच बुजवत आलो, बाई,
ही तेवढी उघडी राहू द्या."

चाळीस वर्षं आमची वाटणी ठरलेली:
कापड माझं, अंग तोकुजींचं.
किमोनोवरचे करकोचे, लाटा,
सुटलेल्या पट्ट्याच्या घड्या,
मच्छरदाणीचा हिरवा धूर
मी काढून ठेवायची.
मग ते चहा बाजूला सारून यायचे
आणि मी सोडलेल्या पांढऱ्या जागेत
दोन माणसं आणून निजवायचे.

तसं या चित्रांत उघडं कुणी फारसं नसतंच.
सगळा कपड्यांचा पसारा,
आणि त्यात एक फट,
जिथून पाऊल बाहेर येतं,
बोटं आखडलेलं.

पूर्वी यांना हसरी चित्रं म्हणत.
मला कधी हसायला सवड झाली नाही.
गाठ जशी सुटायला हवी तशी सुटली आहे का
एवढंच मी बघत असे.

ऑक्टोबरात, तलावावर धुकं होतं त्या सकाळी,
त्यांचा उजवा हात झोपेतून उठला नाही.
बाकीचे ते उठले.
अर्धं तोंड, एक डोळा, थोडा राग.

म्हणून आता अंगही माझ्याकडे.
एकाहत्तराव्या वर्षी.
सहा चित्रं कशीबशी झाली.

सातव्यात बाई पत्र वाचते आहे.
मागून तो आलाय, त्याचा हात
तिच्या गळपट्टीच्या आत जातो
आणि तिथंच कीड.
कीड काही बघून खात नाही,
चौथ्यापासून नवव्यापर्यंत सरळ गेली आहे ती,
कुठं किटलीची कडी, कुठं मांजराचा कान.
इथं मनगटापर्यंत पुरुष आहे,
पुढं नुसतं वळणावळणाचं भोक.

भोक रंगवणं सोपं.
खालच्या कागदाचा पिवळट रंग,
कडेनं चहाच्या पाण्याची रेघ,
एका अंगाला किंचित सावली.
पण त्या बाईची मान कललेली आहे,
रुमालाचं टोक दातांत,
पत्र बोटांतून निम्मं घसरलेलं.
कशानं, ते कळल्याशिवाय
मला तिची मान काढता येईना.

दोन कागद फाडले.
तिसऱ्या रात्री रॉकेलच्या शेगडीशी
तोकुजींचा हात पुसत होते, रोजच्यासारखा,
कोमट पाण्यानं, एकेक बोट उलगडून.
सोडला की बोटं पुन्हा जराशी मिटत,
नुकताच कुणी त्यांतून पेला काढून घ्यावा तशी.
टॉवेल तसाच टाकला.
सरस पुन्हा ऊन केला,
शिंपल्यांचं पांढरं बोटानं घोटलं,
आणि तो हात तिच्या गळपट्टीत ठेवला.
हाडं आहेत तशी,
करंगळीवरचा सुरीचा व्रणसुद्धा.
चित्रातला गडी पंचविशीचा,
हात त्र्याहत्तरचा.
मान लगेच जमली.

कागद त्यांच्यासमोर धरला.
फार वेळ बघत राहिले.
मग ओठाची चालती बाजू हलली,
आणि फुसकन हसू.
"अंग… ठा," म्हणाले.
"जाड."
मी बारीक केला नाही.

सकाळी, रंग वाळल्यावर,
त्यावर भोक रंगवलं.
मनगटापासून पुढं, मूळ मापानं,
कडेची चहाची रेघ दोनदा फिरवून.
भिंग लावून बघोत हिगाशिदानी,
भोकाला भोक जुळेल.
हातचा माझ्याकडे.

अजून पाच राहिलीत.
आठव्यातल्या मांजराला डावा कान नाही,
आणि ते त्या दोघांकडे टक लावून बसलंय.
उद्या शेजारच्या मियोशींचं मांजर बोलावते,
सुका मासा दाखवून.